'बाबा, चाला की जरा!'

घरातल्या कुणाला व्यायामाची गोडी लावायची म्हटलं की बहुतेक जण एकच उपाय करतात: घाबरवतात. 'परवा साखर किती आली होती, आठवतंय ना?' 'शेजारच्या काकांचं काय झालं, बघितलंत ना?' भीती वाटली की माणूस उठून चालायला लागेल, हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज. प्रत्यक्षात तो वाद घालतो, विषय बदलतो आणि पुढच्या वेळी रिपोर्टच दाखवत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांना दारू सोडवण्याच्या उपचारांत हेच दिसलं. समुपदेशक जितका अंगावर येतो, तितका समोरचा आपली बाजू लढवत बसतो. 1983 साली त्यांनी मांडलेल्या पद्धतीचं सार असं, की बदलाची कारणं त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून यायला हवीत. पुढे ही पद्धत आहार, व्यायाम, मधुमेह यांसाठीही वापरली गेली.

मग घरात काय करायचं? उपदेश थांबवून विचारायचं. 'बाबा, पूर्वी पर्वती चढायचात, आता काय आडवं येतं?' 'आळस' हे उत्तर फार कमी वेळा खरं असतं. फुटपाथ उखडलेला असतो, कोपऱ्यावर कुत्री असतात, गुडघा दुखतो, बाहेर पडल्यावर लघवीची सोय नसते. हे शेवटचं कारण मुलासमोर सांगायची लाज वाटते, म्हणून 'कंटाळा येतो' असं म्हटलं जातं. खरं कारण कळलं तर रस्ता बदलता येतो, वेळ बदलता येते, सोबत जाता येतं. वाढदिवसाला पावलं मोजणारं महागडं घड्याळ मनगटावर बांधून यातलं काहीच सुटत नाही.

त्या घड्याळात दहा हजार पावलांचं उद्दिष्ट आधीच भरलेलं असतं, ही आणखी एक अडचण. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र याच आकड्याच्या नावानं विकायला आलं, तिथून तो जगभर पसरला. अमेरिकेतल्या, सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि साधारण 7,500 नंतर त्यात आणखी फरक दिसला नाही. दोन हजार पावलं चालणाऱ्या आजींसमोर दहा हजारांचा डोंगर उभा करणं म्हणजे त्यांना घरी बसवण्याची पक्की सोय.

'21 दिवस केलं की सवय लागते' हेही असंच. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी आई गेली नाही म्हणून टोमणा मारू नका.

'आता या वयात काय व्यायाम?' बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले गेले. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. गुडघे झिजतील ही भीतीही बव्हंशी उलटी आहे. संधिवाताच्या गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिल्या फळीचा उपचार मानला जातो. फक्त सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून करावी. आणि चालताना छातीत दुखत असेल किंवा एरवीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

एकदम तासभर व्यायाम केला तरच उपयोग, हा समज जागतिक आरोग्य संघटनेनंही मोडीत काढला आहे. आठवड्याला 150 मिनिटं तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. आपली शतपावली इथे कामाला येते. साठीपुढच्या, साखर वाढण्याच्या उंबरठ्यावरच्या लोकांच्या एका छोट्या अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं सकाळी सलग 45 मिनिटं चालण्याइतकंच उपयोगी ठरलं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानं जास्त आटोक्यात राहिली.

राहिला घरकामाचा प्रश्न. 'आईचा व्यायाम स्वयंपाकघरातच होतो' असं घरोघरी म्हणतात, आणि कधी आईसुद्धा. घरकाम ही हालचाल आहेच, ती मोजलीही जाते. तरी 2022 च्या अंदाजानुसार भारतातल्या जवळपास 57 टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी होती. पुरुषांचं प्रमाण 42 टक्के. ओट्याशी तासन्‌तास उभं राहून पाय दुखतात, पण दम वाढत नाही आणि स्नायूंना जोरही लागत नाही. त्यासाठी वेगळा वेळ हवा, आणि तोच तिच्याकडे नसतो. म्हणून आईला 'व्यायाम कर' असं सांगायच्या आधी संध्याकाळच्या पोळ्या आणि भांडी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावीत.