शिसे, तंबाखू आणि आवळा

घरात मूल नाही म्हटले की औषधे, नवस आणि बोलणी सारी सुनेच्या वाट्याला येतात. मुलालाही तपासावे, हे फार थोड्यांना सुचते. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडीलही काही कारण असते. त्यांपैकी एका कारणाचा, म्हणजे शिसे व कॅडमियम ह्या जड धातूंचा, आम्ही येथे विचार करणार आहोत.

जुन्या बॅटऱ्या फोडणारा किंवा जुना रंग खरवडणारा कामगार शिशाची धूळ श्वासाबरोबर घेतो आणि कपड्यांवरून घरीही आणतो. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असले तर ते आंबट पदार्थांत उतरते. काही सुरम्यांतही शिसे असते. कॅडमियम तंबाखूच्या पानात साठते व विडी-सिगारेटच्या धुरातून शरीरात जाते.

चिरलेले सफरचंद हवेत तपकिरी पडते. त्यावर लिंबू पिळले तर बराच वेळ पांढरे राहते. ही ऑक्सिडीकरणाची क्रिया होय. जड धातू शरीरात अशीच क्रिया बळावतात. शुक्रजंतूचे आवरण नाजूक स्निग्ध द्रव्यांचे असते व बचावाची सामग्री त्याच्यापाशी अगदी थोडी. म्हणून त्याची संख्या, गती व आकार ही तिन्ही बिघडतात. पारिझेक व झाहोर ह्या चेक शास्त्रज्ञांनी कॅडमियमच्या क्षारांनी वृषणाला इजा होते, हे १९५६ साली प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. रुमानियातील बॅटरी कामगारांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अंगात शिसे अधिक असलेल्यांच्या शुक्रजंतूंत दोषही अधिक आढळले.

मग लिंबाचे काम शरीरात कोण करील? आवळा व पेरू ह्यांतील 'क' जीवनसत्त्व, शेंगदाण्यातील 'ई' जीवनसत्त्व, टोमॅटोतील लायकोपिन, कांद्यातील क्वेर्सेटिन, हळदीतील कर्क्युमिन ही सारी ऑक्सिडीकरणाला आवर घालणारी द्रव्ये आहेत. धातू दिलेल्या उंदरांना ती दिली असता इजा कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र उंदराला मोजून दिलेला अर्क निराळा आणि आपल्या ताटातील भाजी निराळी. माणसांविषयीचा पुरावा अजून तोकडा आहे. आवळा खाल्ला म्हणून शिशाच्या धुळीत बसण्याची मुभा मिळत नाही. शिवाय गुणकारी हळदच पिवळीजर्द दिसावी म्हणून तीत शिशाचा रंग मिसळल्याची उदाहरणे आहेत. बांगलादेशात २०१९ साली ही भेसळ उघड झाली व सरकारने कडक कारवाई केली. तेव्हा हळद विश्वासाच्या ठिकाणाहून अख्खी घेऊन दळावी, हे बरे.

पहिला उपाय धातू टाळण्याचा. कारखान्यात जेवू नये, हात धुवावेत, कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, तंबाखू सोडावी. रक्तातील शिसे तपासता येते. फळे-भाज्या ह्या त्यानंतरचे साहाय्य होत. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि हाडांत मुरलेले शिसे तर वर्षानुवर्षे राहते. म्हणून धीर धरावा.

आणि आमच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती : सुनेला डॉक्टरांकडे पाठवाल, तेव्हा मुलालाही बरोबर पाठवा. तपासणीत कमीपणा नाही. निष्कारण एकटीला दोष देण्यात मात्र अन्याय आहे.