भिंती गेल्या, दुकान उभेच

मुलुंड पश्चिमेच्या बाजारातली एकमजली दुकानांची जुनी चाळ पाडायला घेतली, तेव्हा मी रोज सकाळी जाऊन उभी राहायचे. आधी मंगलोरी कौले उतरली, मग विटांच्या भिंती. आता मजला खाली बसणार, असे मला वाटले. पण माणसे वर चढून निवांत पाट उचकटत होती आणि मजला जागचा हलला नाही.

वास्तुशास्त्र मी कॉलेजात शिकलेले नाही. वीस वर्षे पुस्तके आणि पडकी घरे हेच माझे मास्तर. तरी भिंत मजला पेलते, हा समज डोक्यातून गेला नव्हता. इथे वजन पेलत होता तो सागवानी सांगाडा. पाटांचे ओझे कड्यांवर, कड्यांचे तुळयांवर, तुळयांचे खांबांवर आणि खांबांचे दगडी तळखड्यांवर. विटा म्हणजे नुसता आडोसा.

दुकानदाराला हेच हवे असते. दर्शनी भिंत लागतच नाही, त्यामुळे दुकान रस्त्याकडे पूर्ण उघडे. रात्री खाचेत उभ्या फळ्या सरकवायच्या. प्रत्येक फळी वापराने वेगळी झिजलेली, म्हणून तिच्यावर आकडा; क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही. (शटरवाल्या पिढीला ही कटकट सांगून पटत नाही.) वर बिऱ्हाड आणि पुढे काढलेली गॅलरी, तिची सावली ओट्यावरच्या गिऱ्हाइकाला.

इंग्लंडात यॉर्कच्या शॅम्बल्स या खाटकांच्या जुन्या गल्लीत वरचे मजले असेच रस्त्यावर झुकलेले आहेत. तिथे ओकचे लाकूड, सांध्यात लाकडी खुंट्या आणि मधल्या जागेत कामट्या-मातीचा भराव. आपल्याकडे भर पाऊस आणि वाळवी. सागातले तेल वाळवीला बऱ्यापैकी दूर ठेवते. पाण्यापासून बचाव करायचा तो रुंद वळचणीने आणि तळखड्याने.

पाडकामात मी खांबांचे पाय पाहिले. पाच खांब तळाशी वीतभर कुजलेले, त्यावर लाकूड ठणठणीत. कारण उघड होते. दर डांबरीकरणात रस्ता चढत गेला, पाणी येऊ नये म्हणून दुकानदारांनी ओट्यावर सिमेंट ओतले, लाद्या बसवल्या आणि तळखडे आत गाडले गेले. खांबाला वारा लागेना, ओल तिथेच मुरली. कुजका भाग कापून नव्या सागाचा सांधा देणारे सुतार अजून आहेत. माझ्या मते पाच सांध्यांनी ही इमारत तरली असती.

पण खर्च कोणी करायचा? १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. तेवढ्यात मालक कौलेही बदलू शकत नव्हता, आणि भाडेकरू म्हणे घर माझे नाही. शहरातल्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर घेऊन दुरुस्ती करू लागले. ती सोय माहीम-शीवपर्यंतच. उपनगरातल्या लाकडी इमारती त्यात कधी आल्याच नाहीत, आणि त्यांची मोजदादही कुणी मनावर घेतलेली मला दिसली नाही. म्हणून मी मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या बाजारपेठा वहीत उतरवते आहे: खांब किती, तळखडा दिसतो की गाडला गेला.

तुळया एका व्यापाऱ्याने ट्रकात भरून नेल्या. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात त्यांची टेबले होतील. मुकादमाने मला एक फळी दिली. तिच्यावर खिळ्याने कोरलेला सात आहे.