दंतारोपणाभोवतीचा अस्थिक्षय : शस्त्रकर्माचा वाटा किती?

वरणगाव परिसरातील रुग्ण दंतारोपणासाठी भुसावळ किंवा जळगाव गाठतात. पुढे काही त्रास झाला की प्रथम येतात ते मात्र गावातील वैद्याकडे अथवा औषधी दुकानात. “बसवलेल्या दाताचे हाड झिजले आहे, काही चूर्ण द्या,” अशी मागणी आम्हांस नवी नाही. तथापि अस्थिपोषक औषध देण्यापूर्वी क्षय केव्हा व कशाने झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

सुश्रुताचार्यांनी दातांची गणना रुचक अस्थींत केली आहे. नैसर्गिक दात व हाड यांमध्ये मृदू बंध असतो. टायटॅनियमचे रोपण मात्र हाडाशी थेट एकजीव व्हावे लागते. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये या तत्त्वावर मनुष्यावर पहिले रोपण केले. पहिल्या वर्षी कडेचे हाड थोडे झिजते. त्यानंतरची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, असा निकष १९८६ मध्ये मांडला गेला.

पूर्वकर्म : हाडाची रुंदी आधी मोजावी लागते. शेजारच्या दातापासून सुमारे दीड मिलिमीटर व दोन रोपणांमध्ये तीन मिलिमीटर अंतर न राखल्यास मधले हाड खचते.

प्रधानकर्म : येथे मुख्य शत्रू उष्णता होय. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्यास इजा पोहोचते, असे १९८३ मधील सशांवरील प्रयोगांत दिसले. आयुध निर्माणीमुळे आपल्या गावास यंत्रकाम परिचित आहे. बोथट ड्रिल दाबून चालविल्यास धातू तापतो, हे रुग्णासही सहज पटते. म्हणून धारदार ड्रिल, क्रमाने वाढविलेले छिद्र, थांबत थांबत दाब आणि लवणजलाची अखंड धार आवश्यक ठरते. रोपण अतिघट्ट पिळल्यासही कडेचे हाड चेंगरते. हिरडी उचलल्याने अस्थ्यावरणातून होणारा रक्तपुरवठा काही काळ घटतो. न उचलावी तर हाड दिसत नाही व दिशा चुकण्याची भीती राहते. सबब कोणतीही एकच पद्धत सर्वांस श्रेष्ठ नव्हे.

पश्चात्कर्म : हाड जुळण्यापूर्वी रोपण हलले तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. वर्षांनंतरच्या क्षयामागे बहुधा साचलेला मळ, हिरडीखाली राहिलेले सिमेंट, तंबाखू अथवा अनियंत्रित मधुमेह असतो.

यावरून वैद्यबंधूंनी एक खूण लक्षात ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत रोपण निसटले तर शस्त्रकर्म व प्रारंभीचा भार यांचा विचार आधी करावा; उशिरा झीज झाल्यास स्वच्छता व व्याधी तपासाव्यात. दात हलतो म्हणजे हाडच गेले असेही नाही; कित्येकदा वरचा स्क्रू केवळ सैल झालेला असतो. पू, वेदना वा हालचाल आढळल्यास मंजन चोळण्यास न सांगता रुग्णास विनाविलंब दंतशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या वा इंजेक्शन घेणाऱ्याने रोपणापूर्वी ते अवश्य सांगावे, ही आठवण औषधी दुकानदार बंधूही देऊ शकतात. रोपण सैल असताना दिलेले चूर्ण निरुपद्रवी असले, तरी त्यात गेलेला महिना रुग्णास परत मिळत नाही.