चित्ता गेला, धाव राहिली

हिंगोलीहून सेनगावकडे किंवा कनेरगाव नाक्याकडे भल्या सकाळी निघालात, तर सोयाबीन निघालेल्या एखाद्या रानात हरणांचा कळप दिसायची चांगली शक्यता आहे. गाडी थांबवा, पण उतरू नका. गाडी नुसती उभी राहिली तर ती मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. दार उघडून दोन पायांचा माणूस बाहेर पडला की मात्र खेळ संपला! आधी एखादी मादी चारही पाय एकदम उचलून हवेत उसळते, मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळा कळप उड्या घेत दूर निघून जातो.

गाडी चालते आणि माणूस चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. या प्राण्याच्या शिकारीच्या बहुतेक जुन्या युक्त्या अशाच एखाद्या बारीक निरीक्षणावर उभ्या आहेत.

आपण त्याला हरीण म्हणतो, पण काळवीट ही गाय-शेळीच्या भावकीतली जात आहे. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळदार शिंगं एकदा आली की जन्मभराची. आतमध्ये हाड आणि वरून नखासारखं टणक कवच. चाळीस किलोच्या आतबाहेरचा नर, खांद्याशी जेमतेम अडीच फूट उंच. आणि वेग? तासाला 80 किलोमीटरच्या घरात! आपल्या जिल्हा रस्त्यांवर एसटीला तरी तो कुठे जमतो?

अशा जनावराला बंदूक नसताना कसं धरायचं? फासेपारध्यांनी याचं उत्तर शोधलं ते काळविटाचा स्वभाव वाचून. माणूस दिसला की ते पळतं, पण बैल दिसला तर ढुंकूनही बघत नाही. मग बैलालाच शिकवायचं आणि त्याच्या आडोशानं, चरत चरत चालल्यासारखं, एकेक पाऊल पुढे सरकायचं. तातीचे, म्हणजे जनावराच्या स्नायूंपासून वळलेल्या दोरीचे, फास ओळीनं बांधायचे, कळपाच्या नेहमीच्या वाटेवर खुंट्या ठोकून पसरायचे आणि लांबून वळसा घालून कळप हलकेच तिकडे हाकायचा. घाई केली की काळवीट उधळतं, म्हणून सगळं कौशल्य या ‘हलकेच’मध्ये.

तिसरी युक्ती तर अचाट आहे. विणीच्या हंगामात नर आपापला इलाखा धरून बसतो. एका ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा चिकट स्राव काडीच्या टोकाला पुसतो. दुसरा नर दिसला की नाक आभाळाकडे करतो, शिंगं पाठीला टेकवतो आणि ताठ पावलं टाकत त्याच्यावर चालून जातो. शिकाऱ्यांनी हा तोरा हेरला. पाळलेल्या नराच्या शिंगांत फास किंवा जाळं गुंतवून त्याला रानात सोडायचं. इलाख्याचा धनी चवताळून येणार, शिंगाला शिंग भिडवणार आणि अडकून बसणार! अकबराच्या काळची ही शिकार अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नोंदलेली आहे.

पण थांबा, वेगाचं कोडं राहिलंच. लांडगा काळविटावर टपलेला असतो, पण सरळ शर्यतीत धडधाकट नराला गाठणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. त्याचं काम टोळीनं, डाव टाकून किंवा गवतात दडवलेलं पाडस हुडकून चालतं. मग एवढा वेग आला कुणासाठी?

चित्त्यासाठी. तोही आपल्याच माळरानांवरचा. हजारो वर्षं जो संथ राहिला तो पोटात गेला आणि जो निसटला त्याची पोरं पुढे धावली. चित्ता तासाला शंभराच्या आसपास पोचतो, पण त्याची ताकद काहीशे मीटरची. तेवढ्यात पकडलं नाही तर तो धापा टाकत खाली बसतो. म्हणजे काळविटाला चित्त्याहून वेगवान असायची गरजच नाही! काही सेकंद त्याच्या पंजाबाहेर राहता आलं की झालं.

माणसानं ही शर्यतसुद्धा आपल्या कामाला लावली. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा तिथे आफ्रिकेतून चित्ते मागवले गेले. पाळायचा तर चित्ता पूर्ण वाढलेला, रानातच शिकार शिकलेला हवा. माणसाळून वाढवलेल्या बछड्याला हा धडा आईकडून मिळालेलाच नसतो. मग मोठा चित्ता धरायचा कसा? चित्ते एखाद्या ठरावीक झाडापाशी पुन्हा पुन्हा येतात, खोडावर नखं घासतात. पारधी त्या झाडाभोवती तातीचे फास लावत. आणि ही तात कित्येकदा हरणाचीच!

पुढे काही महिने शिकवणी. डोळ्यांवर टोपी, कमरेला पट्टा, भोवती माणसांची अखंड बडबड. बायका-पोरं मुद्दाम जवळ बसून गप्पा मारत, बाजारातून त्याला फिरवत. माणसाच्या गलक्याची भीती मोडावी म्हणून हा खटाटोप.

शिकारीच्या दिवशी टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत. काळवीट गाडीला भीत नाही, आठवतंय ना? गाडी सरळ कळपावर जात नसे. वर्तुळात फिरायची आणि वर्तुळ लहान करत आणायची. अंतर पुरेसं तुटलं की टोपी निघे, चित्ता गाडीच्या पलीकडच्या अंगानं उतरे आणि मग काही सेकंदांत जे व्हायचं ते होऊन जाई. नेम असे तो बहुधा काळ्याभोर नरावर. चित्ता त्याचा गळा धरून ठेवी. आता शिकार त्याच्या तोंडून काढायची कशी? चित्तेवान धावत येई, काळविटाचं नरडं कापून रक्त लाकडी पळीत धरी आणि पळी चित्त्याच्या नाकाशी नेई. सुई टोचताना पोराच्या हातात बिस्कीट द्यावं, तसं! चित्ता रक्त चाटण्यात गुंग झाला की टोपी पुन्हा डोळ्यांवर.

या युक्त्यांची तारीफ करावीशी वाटते, पण त्यात रोमान्स शोधायला मी तयार नाही. पारध्यांचं हे ज्ञान राजेरजवाड्यांनी वापरलं आणि इंग्रज सरकारनं त्याच जमातीवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. हिंगोलीला 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा छावण्यांतल्या साहेबांच्या शिकारीत वाटाड्या गावचा आणि बंदूक साहेबाची, ही वाटणी नेहमीची. जुन्या युक्त्यांना एक मर्यादा तरी होती. बैलाच्या आडून एक माणूस दिवसात किती हरणं धरणार? स्वातंत्र्याच्या आगेमागे जीप आणि झगझगीत दिवा आला आणि ही मर्यादाही गेली. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की हरीण खिळून उभं राहतं.

1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळविटाला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आधार दिला. आज ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिकारीला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. आता गंमत बघा. हेच काळवीट 1932 च्या सुमारास अमेरिकेत टेक्ससमध्ये नेलं गेलं. तिथे ते हजारोंनी वाढलं आणि आज तिथल्या खासगी रानांवर वाटाड्याबरोबर जाऊन, रीतसर पैसे मोजून त्याची शिकार करता येते. इकडे शिकार केली तर तुरुंग, तिकडे दरपत्रक!

आणि इकडे सेनगाव-कळमनुरीच्या शेतकऱ्यानं काय करायचं? तुरीचे नि सोयाबीनचे कोंब त्याच्या डोळ्यांदेखत फस्त होतात, म्हणून रात्र रात्र जागल करावी लागते. त्याचा राग खोटा नाही. मध्य प्रदेशात शाजापूरच्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार होती. तिथे 2025 च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेचे जाणकार आणि एक हेलिकॉप्टर आणलं. शेतात नरसाळ्याच्या आकाराचं मोठं कुंपण उभारलं, वर हिरवं कापड ओढलं आणि हेलिकॉप्टरनं कळप त्याच्या रुंद तोंडाकडे हाकले. न उधळता, अंतर राखून, हलकेच. शेकडो काळविटं एकही गोळी न झाडता धरली गेली. फासेपारध्यांना यात नवं काय दिसलं असतं? आवाज सोडला तर फारसं काही नाही!

त्यातली काही काळविटं गांधीसागर अभयारण्यात सोडली. आफ्रिकेतून आणून कुनो राष्ट्रीय उद्यानात वसवलेल्या चित्त्यांपैकी दोन त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथेच आणले होते. शर्यत पुन्हा लागली आहे, फक्त या खेपेला गाडीत कुणी चित्तेवान नाही.