जनाबाईचं लुगडं कुणी पाहिलं?

गंगाखेडची जनाबाई शाळेच्या गॅदरिंगमध्ये रंगमंचावर येते तेव्हा तिच्या अंगावर काठापदराचं नऊवारी लुगडं असतं, खणाची चोळी असते, कपाळावर बुक्का आणि पुढ्यात जातं. जात्याबद्दल वाद नाही. दळणकांडण तिच्या अभंगांतच आहे. लुगडं-चोळीचा हा थाट मात्र कॅलेंडरवरून आलेला आहे आणि कॅलेंडरवर तो आला शिळाप्रेसच्या रंगीत चित्रांतून. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला. त्यानंतर देवी आणि पुराणातल्या नायिका घराघरांत साडी नेसून पोचल्या. जनाबाई आणि हा छापखाना यांच्यामध्ये पाचशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे.

नाटक बसवणारी बाई किंवा मास्तर प्रामाणिक असतात. ते ग्रंथालयात जातात, वेशभूषेच्या इतिहासाचं एखादं सचित्र पुस्तक काढतात आणि ‘यादवकालीन स्त्री’ असं लिहिलेलं चित्र शिंप्यापुढे ठेवतात. हे चित्र कुठल्या शिल्पावरून काढलं, ते शिल्प कुठल्या गावी आहे, चित्रकाराने तिथे जाऊन पाहिलं की दुसऱ्या पुस्तकातून उतरवलं, याचा पानावर पत्ता नसतो.

सगळी पुस्तकं अशी नाहीत. गो. स. घुर्ये यांचं ‘इंडियन कॉश्च्यूम’ 1951 चं. मोतीचंद्र यांनी हिंदीत ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ लिहिलं. हे दोघे आपला आधार सांगतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो. खरी अडचण नंतरच्या रेखाचित्रांच्या पुस्तकांची आहे. मूळ ग्रंथातलं ‘असावं’ तिथे ‘होतं’ बनतं. शिवलेले कपडे मुसलमानी राजवटीबरोबर आले, हे विधान असंच पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं. त्याला उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे: अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगातली नर्तकी लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र घालून नाचते आहे.

अजिंठ्याच्या रंगांबद्दल मात्र कुठल्याही छापील चित्रावर पटकन विश्वास ठेवू नये. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी यांनी नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक 1885 च्या आगीत गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला. मधल्या काळात भिंतींवर व्हार्निश चढलं, ते पिवळं पडलं. म्हणजे मूळ भिंत, तिच्यावरचा पिवळा थर, त्या थरातून पाहून केलेली नक्कल, नकलेचा छाप आणि छापावरून काढलेलं रेखाचित्र, इतक्या पायऱ्या उतरून एखाद्या वस्त्राचा रंग आपल्यापर्यंत येतो.

चित्रातला माणूसच चुकला तर काय होतं, हेही महाराष्ट्राने अनुभवलं आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून एके काळी जे चित्र छापलं जाई ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक दाखवली आणि समकालीन चित्र पुढे आणलं. चेहऱ्याची चर्चा पुष्कळ झाली, पोशाखाची तितकी झाली नाही. मुघल काळातल्या चित्रांत जाम्याचे बंद हिंदूंच्या डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांच्या उजव्या बगलेखाली बांधलेले दाखवतात. जुन्या कोरीव ठशातून छापताना, ठसा उलटा कोरला नसेल तर, डावं उजवं होऊन जातं. असं उलटं छापलेलं चित्र समोर ठेवून अंगरखा बेतला की इतिहासही उलटा शिवला जातो.

आता परभणीचा दगड. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी असलेलं धारासूर या दोन गावांच्या मंदिरांवर स्त्रीमूर्तींची श्रीमंती आहे. कोणत्याही रेखाचित्रापेक्षा त्या अधिक सांगतात. पण त्यांनाही नीट विचारावं लागतं. शिल्पकाराने तलम वस्त्र कोरलं की मांडीवर काहीच दिसत नाही. घोट्याजवळची किंवा पोटरीवरची एक उठावाची रेघ तेवढी काठ कुठे संपतो ते सांगते. घाईने रेखाटणाऱ्याची ती रेघ सुटते आणि मूर्ती विवस्त्र ठरते. उलट कमरेच्या मेखलेच्या लोंबत्या सरी हा झालरीचा कपडा समजून रंगवला जातो. शिवाय त्या सुरसुंदरी आहेत. दळण दळणाऱ्या जनाबाईला त्यांचा साज चढवणं म्हणजे आजच्या शेतमजूर बाईला लग्नातल्या फोटोवरून ओळखणं.

साध्या माणसांसाठी वीरगळ पाहावा. खालच्या चौकटीत लढणारा गडी, त्याची कास, त्याचा केसांचा बुचडा, हे सगळं देवळाच्या भिंतीपेक्षा जमिनीच्या जवळचं आहे. दुर्दैवाने कित्येक वीरगळ शेंदराच्या थराखाली आहेत. दगडाला जोड ग्रंथांची हवी. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ वस्त्रोपभोगावर स्वतंत्र भाग देतो. पण तो राजाच्या कोठारातला कपडा आहे. रोजच्या जगण्यासाठी तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ पाहावं. त्यातली माणसं गोदावरीच्या काठाने हिंडणारी आहेत.

पुस्तकातला पत्ताही तपासावा लागतो. औंढा नागनाथ जुन्या ग्रंथांत परभणी जिल्ह्यात सापडेल; 1 मे 1999 पासून तो हिंगोलीत आहे. परतूर 1981 मध्ये जालन्याकडे गेलं. आणि ‘हेमाडपंती’ हा शब्द तर हेमाद्रीच्या आधीच्या देवळांनाही सर्रास लावलेला असतो. ‘परभणी, हेमाडपंती काळ’ एवढ्या ओळीवरून वेशभूषा ठरवली तर गावही चुकेल आणि शतकही.

मग ही पुस्तकं रद्दीत द्यायची का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली ती अस्सल कागदांचं मोल ओळखून. तरी बखरी कुणी जाळल्या नाहीत. कागदाशी ताडून त्या वाचायला आपण शिकलो. वेशभूषेच्या पुस्तकांशी हेच करायला हवं. चुकीचं पुस्तकसुद्धा स्वतःच्या काळाचा साक्षीदार असतं. सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ 1920 चा. त्यातल्या प्राचीन उत्पत्तिकथा बाजूला ठेवाव्यात, पण त्या काळी लोक काय नेसत होते ते वाचावं. आणि फोर्ब्स वॉटसनने 1866 मध्ये तयार केलेले 18 खंड पाहा. त्यांत हिंदुस्थानी कापडाचे 700 प्रत्यक्ष तुकडे डकवलेले आहेत. हेतू विलायती गिरण्यांना इथली मागणी कळावी हा होता आणि तो आपल्या विणकरांच्या मुळावर येणारा होता. पण कापड खोटं बोलत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि शिक्षकांना विनंती आहे. संशयास्पद चित्राच्या पानावर पेन्सिलीने लिहा: मूळ आधार दिलेला नाही. आधार सापडला तर गाव, देऊळ, भिंतीची दिशा आणि पाहिल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्या पानात ठेवा. चारठाण्याला, धारासूरला सहली नेता तेव्हा मुलांकडून मूर्तींच्या कमरेपासून घोट्यापर्यंतचे जवळचे फोटो काढून घ्या. शेंदूर किंवा ऑइलपेंट चढण्याआधी ते हवेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायांची लुगडी ट्रंकेतून काढा. लांबी, रुंदी, काठाची वीण, दोन जुनी लुगडी जोडून घातलेला दंड, कुणी कधी कुठल्या बाजारातून घेतलं, हे सगळं एका वहीत लिहा आणि ती वही गावच्या वाचनालयात द्या. नेसण्याची पद्धत आजीकडूनच करून दाखवून घ्या आणि तिचा व्हिडिओ काढून ठेवा. हे काम या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा.