सरकार नाही, पेन्शन वेळेवर

सरकार पडलं की लोक विचारतात, आता मुख्यमंत्री कोण? आम्ही कोषागारातली माणसं विचारायचो, अनुदान मंजूर आहे का? नोकरी सगळी बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे २०११च्या हिवाळ्यात लेकीकडे बेल्जियमला, लूव्हेनला गेलो तेव्हा डोक्यात तोच किडा वळवळायला लागला. १३ जून २०१० ला निवडणूक झालेली, थंडी सरत आली तरी नव्या सरकारचा पत्ता नाही. आणि शेजारच्या आजोबांचं पेन्शन मात्र बिनबोभाट बँकेत जमा!

जावयाला विचारलं, “तुमच्याकडे राष्ट्रपती राजवटीसारखं काही लावत नाहीत का?” तो म्हणाला, “बाबा, ती दिल्लीत तरी कुठे लागते?” खरंच की. कलम ३५६ राज्यांपुरतं. केंद्रात सरकार पडलं तर जुनंच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून बसतं. बेल्जियममध्येही राजीनामा दिलेले पंतप्रधान इव्ह लेतेर्म गाडा हाकत होते.

पैशाचं कोडं तर आमच्याच खात्यातलं निघालं. अर्थसंकल्प वेळेत झाला नाही, तर तिथली संसद मागच्या वर्षाच्या मंजुरीचा महिन्याला एक बारांश या हिशेबाने खर्चाला परवानगी देते. आपल्या लेखानुदानाचा चुलतभाऊच म्हणा. पगार, पेन्शन, चालू बिलं निघतात. नवी योजना मात्र लटकते. शिवाय लेकीच्या दारावरून जाणारी बस फ्लांडर्सच्या प्रादेशिक सरकारची, शाळा भाषिक समाजाच्या सरकारची, कचरा नगरपालिकेचा. ही सगळी सरकारं जागेवर होती. केंद्रातली खुर्ची डळमळली म्हणून गल्लीतलं काही अडत नव्हतं.

मग घोडं अडलं कुठे? बेल्जियममध्ये उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून. पक्षही बहुतेक भाषेनुसार वेगळे. उत्तरेतल्या मतदाराला दक्षिणेतल्या नेत्याला मत देता येत नाही. त्यामुळे फ्लेमिश नेत्याला वालून मतदाराची भीड नाही, वालून नेत्याला फ्लेमिश मतदाराची नाही. त्या निवडणुकीत १५० जागांपैकी २७ जागा बार्ट डी वेव्हर यांच्या पक्षाला. त्यांना फ्लांडर्सचं स्वातंत्र्य हवं. २६ जागा एलिओ दि रूपो यांच्या फ्रेंचभाषक समाजवाद्यांना. त्यांना देश एकत्र हवा. त्यात ब्रुसेल्स-हाले-विल्व्होर्ड मतदारसंघाचं जुनं गळू. हा मतदारसंघ भाषेची हद्द ओलांडून पसरलेला, म्हणून फ्लेमिश गावांतल्या फ्रेंचभाषकांना ब्रुसेल्सच्या फ्रेंच उमेदवारांना मत देता यायचं. त्याच वादावरून लेतेर्म यांचं सरकार गेलं होतं.

राजे अल्बेर दुसरे एकामागून एक मध्यस्थ नेमत होते. एकाने चाचपणी करायची, दुसऱ्याने मतभेद स्पष्ट करायचे, तिसऱ्याने दिलजमाई. प्रत्येक जण काही आठवड्यांनी राजवाड्यात जाऊन हात टेकायचा. लोकांनी मग थट्टा आरंभली. १७ फेब्रुवारीला २४९ दिवस भरले, सरकारबाबत समझोता व्हायला लागलेल्या वेळेचा इराकचा विक्रम गाठला म्हणून तरुणांनी उत्सव केला. गेंटमध्ये भर थंडीत पोरं अंतर्वस्त्रांवर उभी राहिली; फुकट फ्राइज वाटले गेले. एका नटाने तर सरकार येईपर्यंत पुरुषांनी दाढीच करू नये, असं आवाहन केलं.

हसू येतं, पण मार्चमध्ये या काळजीवाहू सरकारने संसदेच्या संमतीने लिबियावरच्या मोहिमेत एफ-१६ विमानं धाडली. थोडक्यात, तातडीचं काम आलं आणि संसदेने होकार दिला की वाट निघते. निघत नाही ती ज्यात कुणाला तरी दुखवावं लागतं अशा निर्णयांची. कर्ज कसं आवरायचं, निवृत्तीचे नियम कसे बदलायचे, अशा फायली ‘नवीन सरकार आल्यावर’ असा शेरा मारून बाजूला ठेवल्या जातात. हा शेरा मी कित्येक फायलींवर पाहिलाय. तो मारणाऱ्याला काही भोगावं लागत नाही.

बेल्जियमला मात्र भोगावं लागलं. युरोपातलं कर्जसंकट चिघळलं, सावकारांनी व्याज वाढवलं. २५ नोव्हेंबर २०११ ला एका पतमापन संस्थेने देशाची पत एका पायरीने उतरवली आणि महिनोन् महिने घोळत पडलेल्या अर्थसंकल्पावर दुसऱ्याच दिवशी सहा पक्षांचं एकमत झालं! ६ डिसेंबरला दि रूपो यांनी शपथ घेतली. निवडणुकीपासून ५४१ दिवस झाले होते. सर्वांत मोठा पक्ष, डी वेव्हर यांचा, बाहेरच राहिला. तो वादग्रस्त मतदारसंघही शेवटी फोडावा लागला.

पुढे २०१९च्या निवडणुकीनंतर पूर्ण सरकार यायला सोळा महिने लागले. २०२४च्या निवडणुकीनंतर जवळपास आठ महिन्यांनी पंतप्रधान झाले ते डी वेव्हरच. फ्लांडर्स वेगळं करायला निघालेला माणूस आज अख्ख्या बेल्जियमचा हिशेब सांभाळतो आहे.

त्रिशंकू निकाल लागला की आपले वाहिन्यावाले ‘लोकशाही संकटात’ म्हणून ओरडतात. मी त्या वेळी दोनच गोष्टी बघतो. चालू खर्चाला मंजुरी आहे का, आणि कुठल्या फायली थांबल्यात. पहिलीचं उत्तर ‘हो’ असलं की रात्री झोप लागते. दुसरीची यादी लांबत गेली, तर व्याज भरणारे आपणच असतो. वाटाघाटी करणारे नव्हेत.