सावकाश वाढणारा जंतू आणि दानाचा पैसा

केळझरच्या गणपतीचे दर्शन घेऊन सेलूमार्गे पुढे गेले, की वर्धा लागते. या वर्ध्यात १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. गांधीजींच्या निधनानंतर लोकांच्या देणग्यांतून गांधी स्मारक निधी उभा राहिला होता. त्यातूनच तिला पैसा मिळाला. कुष्ठरोगाच्या संशोधनाला दानाचा पैसा का लागावा? याचे उत्तर जंतूच्या वाढीच्या वेगात आहे.

एक सोपे गणित करू. एकाचे दोन, दोनाचे चार, असे दहा वेळा दुप्पट झाले की १०२४ जंतू होतात. आपल्या आतड्यातील ई. कोलाय जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे ३ तास २० मिनिटे पुरतात. हान्सेन यांनी १८७३ साली शोधलेल्या कुष्ठजंतूला दुप्पट व्हायला सुमारे १३ दिवस लागतात. त्याला हवेत १३० दिवस! शिवाय तो प्रयोगशाळेतील पोषक द्रव्यात अजूनही वाढवता आलेला नाही. संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात.

आता विचार करा. एखादा उपाय लागू पडला की नाही, हे कळायलाच अनेक वर्षे जाणार आणि रोगी बहुधा गरीब. नफ्यावर नजर ठेवणारा अशा कामात पैसा कशाला घालील? येथे थांबू शकणारा पैसाच लागतो.

त्या काळी डॅप्सोन हे स्वस्त औषध नुकतेच हाती आले होते. रोग्याला गावाबाहेर न काढता घरीच औषध दिले, तर रोगाची साखळी तुटेल काय? डॉ. र. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने हा प्रश्न खेड्यांतच तपासायला घेतला. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही तिची त्रिसूत्री. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमानेही हीच पद्धत उचलली.

दानाची मर्यादाही येथेच दिसते. देणगीतून काही गावांत प्रयोग होतो. देशभर औषध पोचवायला सरकारी यंत्रणाच हवी. पुढे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले. तेव्हा १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ही औषधे १९९५ पासून जगभर फुकट मिळू लागली. त्यांचा खर्च प्रथम जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने उचलला, तर २००० पासून नोव्हार्टिस कंपनी ती विनामूल्य देऊ लागली.

मित्रांनो, रुग्णालयाच्या भिंतीवर दात्याच्या नावाची पाटी दिसली, तर या पैशातून कोणता प्रश्न सोडवला गेला, हे जरूर विचारा. आणि कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. उपचार मोफत आहेत. वेळेवर घेतले, तर रोग पूर्ण बरा होतो आणि हातापायांची विकृती टळते.